भाऊ, हत्ती सोडू नका!

विश्वासरावांना गोळी लागली आणि आमच्या घरात दूध उतू गेलं.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं इतिहास मानत नाही, पण आमची ही मानते. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. "दुधाकडे बघा हं जरा," असं सांगून ती खाली नळावर गेली. मी बघत होतो. म्हणजे तोंड दुधाकडेच होतं, फक्त मध्ये विश्वास पाटलांचं 'पानिपत' आलं होतं. तिकडे विश्वासराव कोसळले, सदाशिवरावभाऊंनी हत्ती सोडून घोड्यावर मांड टाकली, ते गर्दीत घुसले आणि दिसेनासे झाले. इकडे पातेलं कधी उसळलं ते कळलंच नाही. ही वर आली तेव्हा दुधाची आघाडी ओटा उतरून मोरीच्या दिशेनं कूच करत होती आणि मी डोळे पुसत होतो.

"अहो, दूध!"

"अगं, भाऊ गेले!"

तिनं हंडा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि मटकन बसली. आमच्याकडे माझ्या थोरल्या आतेभावाला भाऊ म्हणतात, आणि लग्नात त्यांनीच तिला चांदीचा करंडा दिला होता. पाच मिनिटं आम्ही दोघंही रडलो. मग तिनं विचारलं, "कधी गेले?" मी म्हणालो, "सतराशे एकसष्टला."

त्या दिवसापासून आमच्या घरात मृत्यूच्या बातमीवर पटकन कोणी विश्वास ठेवत नाही. पुढे माझे मामा खरोखरच वारले, तेव्हाही हिनं आधी विचारलं, "कोणत्या पुस्तकातले?"

यात माझा दोष थोडा आहे, जागेचा जास्त. आम्ही राहतो कसब्यात. कसबा हेच मूळ पुणं, बाकीच्या पेठा मागाहून वसल्या, हे आम्ही सदाशिव पेठेतल्या नातेवाइकांना दर लग्नाकार्यात एकदा तरी ऐकवतो. घरातून बाहेर पडून एकीकडे वळलं की ग्रामदैवत गणपती, दुसरीकडे लाल महाल आणि नाकासमोर चाललं की शनिवारवाडा. दूध आणायला निघालेला माणूस वाटेत तीन शतकं ओलांडून येतो. अशा वस्तीत राहून मी काय विज्ञानकथा वाचायच्या?

त्यातून आमचा वाडा पडतो शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे उरलेल्या पुण्यात बिल्डर येतात, वाडा पाडतात आणि इमारत उभी करून जातात. आमच्याकडे बिल्डर येतो, टेप लावून अंतर मोजतो आणि चहा न घेता जातो. वाडा उभा आहे तो पाच लाकडी टेकूंवर. पाहुण्यांनी विचारलंच तर मी सांगतो, "इतिहासानं टेकू दिलाय आम्हाला." ही सांगते, "जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नका."

आणि शेजार तांबटांचा. तांबट आळीतलं मठारकाम ज्यानं ऐकलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. तांब्याचं भांडं पालथं घालून तांबट हातोडीनं ठोके देत फिरवत जातो, प्रत्येक ठोक्याची एक चपटी, चकचकीत, पैशाएवढी खूण उमटते आणि एका खुणेला खेटून दुसरी बसते. एकही ठोका दुसऱ्यावर चढत नाही. हे दुपारभर चालतं. नवख्याचं डोकं उठतं. मला मात्र लढाईच्या प्रकरणांना खणखणाट फुकट मिळतो. इनामदारांच्या 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर ऐन रंगात आलेले असताना एकदा मी खिडकीत बसून "हाणा!" असं जोरात ओरडलो होतो. खालून तांबटकाकांचा आवाज आला, "हाणतोच आहे! बंब उद्या मिळेल."

हे व्यसन आमच्या घराण्यातच आहे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणजे रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ सालची. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठी घरांतून दूध उतू जातं आहे. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढलं आणि त्यात कादंबऱ्या क्रमशः द्यायला सुरुवात केली, तेव्हा निदान आठवड्यातून एकदाच जात असावं. आमचे पणजोबा त्या अंकाची वाट बघत ओसरीवर येरझारा घालत. पणजीला दर बाळंतपणात वाटे की आपल्यासाठीच घालतायत.

आजोबा नाथमाधवांचे भक्त. नाथमाधव तरुणपणी शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडून अधू झाले आणि पुढे त्या अवस्थेत त्यांनी स्वराज्यावरच्या कादंबऱ्यांची माळ लिहिली. आमचे आजोबा हातीपायी धडधाकट असून त्या सगळ्या अंथरुणात पडून वाचत. आजी म्हणायची, लिहिणाऱ्याला तरी कारण होतं.

वडिलांच्या वाट्याला 'स्वामी' आली. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमी मिळालं, १९६५ साली वडिलांचं लग्न झालं. आहेरात लेमन सेट सात आणि 'स्वामी' चार. लेमन सेट पुढच्या लग्नांतून फिरवून टाकले. 'स्वामी'च्या चारही प्रती वडिलांनी ठेवून घेतल्या, एक वाचायला, एक द्यायला आणि दोन, दिलेली परत येत नाही म्हणून.

त्यातलीच एक प्रत मी आठवीत असताना हाती घेतली आणि माझं वाटोळं सुरू झालं. थोरले माधवराव थेऊरला क्षयानं खंगत चालले की मला खोकला येतो. दर वेळी येतो. हे ढोंग नव्हे, चांगला छातीतून खोकला. गेल्या पावसाळ्यात इतका वाढला की हिनं मला ओढत दवाखान्यात नेलं.

"केव्हापासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"थेऊरला मुक्काम हलल्यापासून."

"तुम्ही थेऊरला राहता?"

हिनं कपाळाला हात लावला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "प्रत किती जुनी आहे?" मी म्हणालो, "वडिलांच्या लग्नातली." ते म्हणाले, "धूळ आहे ती. फडक्यानं पुसून वाचत जा." माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी फडकं घेऊन बसलो.

खोकल्यापेक्षा भाषेचा संसर्ग वाईट. सलग दोनशे पानं झाली की मी स्वतःला 'आम्ही' म्हणू लागतो. एका रविवारी 'राऊ' वाचता वाचता मी लोडाला टेकून हाक दिली, "कोण आहे रे तिकडे?"

आतून उत्तर आलं, "तिकडे तुमची मुलगी आहे आणि तिची उद्या परीक्षा आहे."

"पाण्याचा तांब्या!"

"उठून घ्या, श्रीमंत."

श्रीमंत हा शब्द ही ज्या सुरात उच्चारते त्यात माझा पगार, वाड्याचा जिना आणि तिच्या बहिणीचा बाणेरमधला फ्लॅट एवढं सगळं येतं.

कचेरीत एकदा रजेचा अर्ज करायचा होता. हात आपोआप वळला : विज्ञापना ऐसीजे, शरीरी समाधान नाही, सबब दो रोजांची रजा मंजूर करणें. आमचे साहेब माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी मला बोलावलं.

"काका, हे मराठी आहे?"

"पेशवेकालीन."

"छान आहे. पण सिस्टीममध्ये कारण निवडावं लागतं. आजारपण, घरगुती, इतर. काय टाकू?"

मी म्हणालो, "शरीरी समाधान नाही." त्यांनी सगळी यादी वरून खाली पाहिली आणि 'इतर' टाकलं. पेशव्यांच्या दफ्तरातली एवढी घडीव भाषा, शेवटी 'इतर'मध्ये जमा झाली.

आता कचेरीला मेट्रोनं जातो. कसब्याखालून भुयारी मेट्रो जाणार हे ऐकलं तेव्हा वाड्यातल्या सगळ्यांना एकच काळजी होती, टेकूंचं काय. सप्टेंबर २०२४ मध्ये ती सुरू झाली, टेकू जागेवर राहिले, आणि मी मात्र हललो. कारण मेट्रोत बसायला मिळतं. संध्याकाळी पिंपरीहून निघालो, हातात 'शहेनशहा', आलमगीर लवाजम्यासह दक्षिणेत उतरलेला. मान वर केली तेव्हा स्वारगेट. कसबा आणि मंडई दोन्ही मागे पडलेले. उलट्या गाडीत बसलो. या वेळी लक्ष ठेवायचं असं ठरवलं, पण तेवढ्यात शहजादा अकबराचं प्रकरण निघालं. मान वर केली तेव्हा शिवाजीनगर. पुन्हा उलटा. तिसऱ्या खेपेला पुस्तक पिशवीत घालून, पिशवीची नाडी आवळून, दारापाशी उभा राहिलो तेव्हा कुठे कसबा पदरात पडला. घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले.

"कुठे होतात?"

मी म्हणालो, "औरंगजेब मराठ्यांना संपवायला म्हणून दक्षिणेत आला तो पंचवीस वर्षं अडकला. परत दिल्ली बघितली नाही त्यानं. मी दीड तासात परत आलोय."

"त्याची आमटी कोण गरम करायचं?" हिनं विचारलं. या मुद्द्यावर इनामदारांनीही काही लिहिलेलं नाही.

या सगळ्यात माझा एक वैरी आहे. तो आमच्या खालच्या खोलीत राहतो. निवृत्त मास्तर. इतिहास शिकवायचे. मोडी वाचतात, सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'चे खंड उशाशी घेऊन झोपतात आणि कादंबरीचं नाव काढलं की तोंडात खडा आल्यासारखा चेहरा करतात. "कादंबरी म्हणजे इतिहासाला कल्हई," हे त्यांचं आवडतं वाक्य. तांबट शेजारी असल्यामुळे ते वाड्यात सगळ्यांना लगेच कळतं.

मी जिन्यावर भेटलो आणि उत्साहानं काही सांगायला गेलो की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि एकच शब्द टाकतात, "आधार?"

"म्हणजे?"

"मस्तानी हे जे बोलली म्हणता ते कोणत्या पत्रात आहे?"

"पत्रात नाही. शेवटून तिसऱ्या प्रकरणात आहे."

"हं," म्हणून ते खाली उतरतात. त्या 'हं'मध्ये माझी चाळीस वर्षांची साधना जिन्यावरून गडगडत जाते, तिसऱ्या पायरीवर पाय देऊन.

'ध'चा 'मा' यावरून तर आमचं सहा महिने वाजलं. नारायणराव पेशव्यांना धरावे असं लिहिलं होतं, आनंदीबाईंनी ते मारावे असं केलं, ही गोष्ट पुण्यात लहान मुलाला मुळाक्षरांच्या आधी येते. शनिवारवाडा इथून दिसतो, त्यामुळे मी ती डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगतो. मास्तर म्हणाले, "ते मूळ पत्र दाखवा, मग बोलू."

मूळ पत्र दाखवायची वेळ माझ्यावरच आली. वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी चिटणीस. गुरुवारी पाणी बंद असल्याची सूचना मी टाकायची असते. 'उद्या पाणी येणार नाही. सर्वांनी आजच भरावे.' एवढंच लिहायचं होतं. एका हातात 'मंत्रावेगळा', दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टंकलेखन. सूचना गेली : 'उद्या पाणी येणार नाही. सर्वांनी आजच मरावे.'

दहा मिनिटं ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. मग तळमजल्यावरच्या आजींचा निरोप आला, त्यांच्या नातवानं लिहिलेला : 'आजी विचारतेय, किती वाजेपर्यंत?' आणि त्याखाली मास्तर : 'मूळ पत्र जपून ठेवावे. आधार म्हणून उपयोगी पडेल.'

तरी मास्तरांशी मी संबंध तोडले नाहीत, कारण मला त्यांची गरज होती. आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात, लाल फडक्यात गुंडाळलेला, घडीवर घडी घातलेला एक मोडी कागद. आजोबा सांगायचे, आपले पूर्वज पेशव्यांच्या पदरी होते. 'पदरी' म्हणजे नक्की कुठे हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण ते सांगताना ते ताठ बसायचे. मी मनातल्या मनात कित्येक वर्षं तो कागद वाचलेला होता. सनद असणार. एखादं इनाम गाव असणार. अगदीच नाही तर पालखीचा मान. भाऊसाहेबांच्या गोटात, हत्तीच्या उजव्या अंगाला, घोड्यावर बसलेला, थोडासा माझ्यासारखा दिसणारा एक इसम मी 'पानिपत'च्या प्रत्येक वाचनात पाहत आलो होतो.

एका रविवारी धीर केला. कागद घेऊन खाली गेलो. हीदेखील आली, कारण इनाम निघालंच तर सातबारा कुणाच्या नावावर आहे हे तिला बघायचं होतं. मास्तरांनी टेबल पुसलं, कागद उलगडला. कडा भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटत होत्या. साल असलेला कोपरा वाळवीनं खाल्लेला. त्यांनी भिंग लावलं आणि बोट न टेकवता ओळीवरून फिरवू लागले.

"हिं... हिंग..."

"हिंगणगाव!" मी ओरडलो. "इनाम!"

"नाही. हिंग. नवटाक."

खोलीत शांतता.

"गूळ, दोन शेर. सुपारी. तूप, हे अक्षर लागत नाही, पण शेरभर असावं. पुन्हा गूळ." मास्तर तळाशी आले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे मायेनं पाहिलं. "वाण्याची यादी आहे. तुमच्या पूर्वजांच्या नावे. बाकी येणे आहे."

"म्हणजे पैसे दिले नाहीत?" हिनं विचारलं.

"दिल्याची नोंद नाही."

"वाटलंच," ही म्हणाली.

वर येताना मी तिसऱ्या पायरीवर पाय दिला. त्याची आठवण म्हणून आता टेकू सहा आहेत.

रात्री झोप लागेना. पानिपतावर आपल्या लोकांत लढणारे किती आणि त्यांच्याबरोबर निघालेले बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं, दुकानदार किती! बुणगे म्हणे लढणाऱ्यांहून जास्त होते. एवढी माणसं. त्यांच्यातले वाचलेले परत आले असतील, संसार केले असतील, नातवंडं झाली असतील. पण मी आजवर पुण्यात बुणग्याचा एकही वंशज पाहिलेला नाही. ज्याला विचारावं त्याचा पूर्वज घोड्यावर. आमच्या कट्ट्यावर सकाळी सात जण बसतात, सातही जणांचे पूर्वज भाऊसाहेबांच्या डाव्या-उजव्या अंगाला होते. मग त्या सगळ्या घोड्यांना दाणा कोण घालत होतं? मशका कोण वाहत होतं? आमचे पूर्वज मोहिमेवर गेलेच असतील तर वाण्याला चुकवून गेले असतील, हा विचार आला आणि मी उठून पाणी प्यायलो. स्वतः घेऊन.

सकाळी मी मास्तरांना म्हणालो, "हिंग नवटाक म्हणजे बराच हिंग होतो. घरात पंगती उठत असणार. मानाचं घर असणार."

मास्तर म्हणाले, "कादंबरी लिहा."

हिनं तो कागद काचेच्या फ्रेममध्ये घालून स्वयंपाकघरात किराणा मालाच्या डब्यांवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, "यांच्या घराण्याची सनद."

एवढी शोभा झाल्यावर एखाद्यानं नाद सोडला असता. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनेमा आला आणि जो तो 'छावा' मागायला लागला. वाचनालयात माझा नंबर एकोणिसावा. आता माझ्यासारख्यानं, ज्यानं शिवाजी सावंतांचं ते पुस्तक कॉलेजात असताना उशाखाली ठेवून वाचलं, त्यानं एकोणिसावं उभं राहायचं! रांगेतल्या अठरा जणांना मी कथानकाचा शेवट सांगायला सुरुवात केली. ग्रंथपालबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही सध्या 'पानिपत' घेऊन जा. ते आहे."

म्हणून पुन्हा 'पानिपत' घरी आलं. कितव्यांदा ते मोजत नाही. माझी स्वतःची प्रत दुधात गेली, तेव्हापासून मी वाचनालयाचीच नेतो, आणि खरं सांगायचं तर तीच बरी. माझ्याआधी कसब्यातल्या किती पिढ्यांनी ती वाचलीय ते पानोपानी दिसतं. तेलाचे डाग, एका ठिकाणी दाबून ठेवलेलं तुळशीचं पान, एका ठिकाणी चिरडलेला डास. छावणीत अन्न संपून माणसं झाडपाला ओरबाडून खाऊ लागतात, तिथल्या पानांच्या बेचक्यात चिवड्याचे पोहे सापडतात. यातले काही माझे आहेत. उपासमारीचं वर्णन वाचताना मला फार भूक लागते. एकदा लाज वाटून मी चिवडा बाजूला ठेवला होता आणि शेंगदाण्यांकडे वळलो होतो.

पण खरं बघायचं ते ते पान. चौदा जानेवारीची दुपार. त्या पानाचा खालचा कोपरा इतक्या अंगठ्यांनी झिजलाय की तिथला कागद कापडासारखा मऊ लागतो. समासात पेन्सिलीनं, बायकी वळणाचं, बारीक अक्षर : 'भाऊ, हत्ती सोडू नका!' त्याखाली दुसऱ्या कोणीतरी : 'सोडणार. मी मागच्या वर्षी वाचलंय.' त्याखाली निळ्या शाईत, ठळक : 'वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये.' आणि त्याखाली पुन्हा पेन्सिल : 'आपण काय केलंत?'

हे पान मी नेहमी पाचदा-सहादा थांबून वाचतो. विश्वासराव आपल्याला माहीत असलेल्या ओळीला पडणार आहेत. अंबारी रिकामी दिसणार आहे, फौज कच खाणार आहे. सगळं पाठ आहे. तरी दर वेळी वाटतं, या वेळी कदाचित... कोणीतरी अडवेल. लेखकाचं मन द्रवेल. छापखान्यात चूक होईल. मी मास्तरांना हे कधी बोललो नाही, ते आधार विचारतील.

या खेपेला मी ठरवलं की ते पान उलटायचंच नाही. आदल्या पानावर पीएमटीचं जुनं तिकीट घातलं आणि पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं. जोवर ते तिकीट तिथे आहे तोवर विश्वासराव घोड्यावर आहेत, भाऊसाहेब हत्तीवर आहेत आणि सूर्य माथ्यावर आहे. पंधरा दिवसांनी वाचनालयात जाऊन मुदत वाढवून घेतली. पुन्हा पंधरा दिवसांनी वाढवली. तिसऱ्या वेळी ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काका, अजून संपलं नाही?"

"दुपार व्हायचीय अजून," मी म्हणालो. त्यांनी शिक्का मारला. पुढे रोज एक रुपया दंड सुरू झाला. मी भरतो. पेशवाईच्या वारसाला वाचवायला रोजचा एक रुपया म्हणजे आमच्या घराण्यानं आजवर केलेली सगळ्यात मोठी कामगिरी आहे, आणि हिंगाच्या तुलनेत ही रोखीनं चालली आहे.

परवा कचेरीतून लवकर आलो. मेट्रोत पुस्तक नव्हतं, त्यामुळे कसब्यालाच उतरलो. तांबटांचे ठोके थांबलेले, संध्याकाळची दिवेलागण. तिसरी पायरी सोडून वर चढलो आणि जिन्यातच वास आला. ओळखीचा वास. चाळीस वर्षांत मी तो स्वतः इतक्या वेळा निर्माण केलाय की झोपेतही ओळखेन.

दार उघडं होतं. गॅसवर पातेलं काळं पडत होतं, दूध ओट्यावरून खाली उतरून मोरीच्या वाटेला लागलं होतं. ही खिडकीत बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर 'पानिपत'. पीएमटीचं तिकीट खाली फरशीवर पडलेलं.

मी बूटही न काढता आत जाऊन गॅस बंद केला. फडकं घेतलं, ओटा पुसला, मोरीपाशी फरशी पुसली, पातेल्यात पाणी घालून ठेवलं. तिनं मान वर केली नाही. फडकं पिळून मी तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा तिनं नाक ओढलं, पदरानं चष्म्याची काच पुसली आणि विचारलं,

"अहो, पण यांनी हत्ती का सोडला?"

मी तिच्या शेजारी बसलो. समासातल्या त्या बारीक अक्षराच्या जवळ तिनं अंगठा धरला होता, झिजलेल्या कोपऱ्यावरच.

"दूध गेलं का?" तिनं विचारलं.

"जाऊ दे," मी म्हणालो. "तू आधी पान उलटू नकोस."